थोरलीचा पगार

प्रकरण अभ्यासात माणसाचे नाव झाकतात ते त्याची ओळख उघडी पडू नये म्हणून. इथे मी ते झाकतो आहे वेगळ्याच कारणासाठी. ही मुलगी कोण हे पुढच्या चार ओळींतच तुमच्या लक्षात येईल आणि ते लपवण्यात काही अर्थही नाही. पण नाव घेतले की पुढची सत्तर वर्षे आपोआप डोळ्यांसमोर येतात, आणि मग १९४२ साली त्या घरात जे जे ठरले ते सगळे बरोबरच होते असे वाटू लागते. ठरवणाऱ्यांना तर पुढचे काहीच ठाऊक नव्हते. म्हणून या लेखापुरती ती नुसती 'थोरली'. बाकीची माणसे सार्वजनिक आयुष्यातली आहेत, त्यांची नावे घेतो.

पार्श्वभूमी

थोरलीचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर. मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. विशीच्याही आत किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या साथीने त्यांनी स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. 'भावबंधन' मधली लतिका, 'रणदुंदुभी', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग'. मंडळीचा तो भरभराटीचा काळ. लेकीचे पाळण्यातले नाव बदलून पुढे जे ठेवले, तेही याच लतिकेवरून आले.

मग बोलपट आला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' ने मराठीला वाचा फुटली आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तंबूतून थिएटरात जाऊन बसला. दीनानाथांनीही चित्रपटात पैसा घातला आणि तो बुडाला. मंडळी मोडली. सांगलीचे बिऱ्हाड हलून कुटुंब पुण्याला आले ते असे पडत्या काळात.

थोरलीचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. शाळा तिच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. तिची शाळा म्हणजे वडिलांचा तानपुरा आणि नाटक मंडळीचे बिऱ्हाड. लहानपणीच 'सौभद्र' मधला नारद होऊन ती रंगमंचावर उभी राहिली, १९३८ साली सोलापुरात वडिलांबरोबर शास्त्रीय गायली आणि डिसेंबर १९४१ मध्ये रेडिओवरूनही तिचा आवाज गेला.

एक गोष्ट इथेच नीट पाहून ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातून निघतो. या घरात पोराने लोकांसमोर गाणे यात वावगे काहीच नव्हते, वडील स्वतः तसेच वाढले होते. वावगे होते ते सिनेमासाठी गाणे. १९४२ च्या सुरुवातीला दिग्दर्शक वसंत जोगळेकर यांच्या 'किती हसाल' साठी सदाशिवराव नेवरेकरांनी थोरलीकडून एक गाणे गाऊन घेतले. दीनानाथांना ते रुचले नाही असे सांगतात. ते गाणे अखेर चित्रपटात आलेच नाही. तिच्या आयुष्यातले पहिले चित्रपटगीत कुणी ऐकलेच नाही.

अडचण

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय ४१.

मागे राहिली पत्नी माई आणि पाच मुले. थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती असे सगळीकडे लिहिलेले असते. तारखा मांडून पाहा, ती साडेबारा वर्षांची होती. मीना दहा, आशा आठ, उषा सहा, आणि हृदयनाथ चार. मिळवते माणूस कुणी नाही. शिल्लक नाही. नाव मात्र मोठे, आणि मोठ्या नावाची अडचण अशी की ते विकताही येत नाही आणि ते असताना चारचौघांसारखे कुठेही हात पसरताही येत नाही.

त्यात काळ युद्धाचा. महागाई होती, आणि पुढे कच्ची फिल्मही सरकारी परवान्यावर मिळू लागली. चित्रपट कंपन्याच चाचपडत होत्या.

पर्याय काय होते

हे पर्याय त्या वेळी कुणी कागदावर मांडलेले नव्हते. मागाहून मी मांडतो आहे, त्यामुळे ते वाटतात त्याहून जास्त स्वच्छ दिसतील.

माईंचे माहेर खानदेशात, तापीकाठच्या थाळनेरला. नवरा गेल्यावर बाईने मुलांना घेऊन माहेरी जायचे, ही तेव्हाची रूढ वाट. तिथे दोन घास मिळाले असते, गाणे मात्र संपले असते.

दुसरी वाट नाटकाची. तिच्यावरूनच तर घर आले होते, पण ती वाटच ओस पडत चालली होती. ज्या धंद्यात दीनानाथांसारख्याचा निभाव लागला नाही त्यात त्यांच्या लेकीचा कसा लागणार?

तिसरी, मैफली आणि रेडिओ. ही सगळ्यांत घरंदाज आणि वडिलांना पटली असती अशी वाट. पण साडेबारा वर्षांच्या मुलीला मैफलीची बिदागी किती आणि कितीदा मिळणार? रेडिओचा कार्यक्रम महिन्याला सहा तोंडांना पुरत नाही. शिवाय शिक्षण अर्धवट होते, गुरू नुकतेच गेले होते. कच्च्या गळ्याला मैफलीला जुंपले तर गळाही जातो आणि नावही.

चौथी वाट चित्रपट कंपनीतल्या नोकरीची. नट-दिग्दर्शक मास्टर विनायक हे घराचे स्नेही. त्यांचा संबंध तेव्हा पुण्याच्या नवयुग चित्रपटशी होता. तिथे काम मिळत होते. काम अभिनयाचे, जोडीला गाणे.

आजच्या वाचकाला 'नोकरी' हा शब्द इथे खटकेल. पण तेव्हा नट-नट्या, संगीतकार, सुतार, रंगारी सगळेच कंपनीच्या पगारावर असत. चित्रपट चालो न चालो, महिना भरला की पगार. घराला हवे होते ते नेमके हेच. थोरलीच्या गळ्याचे पुढे काय होईल हा प्रश्न त्या महिन्यात कुणाला पडला असेल असे मला वाटत नाही. प्रश्न होता वाण्याच्या उधारीचा.

काय केले

वडील गेल्यावर लवकरच थोरली कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. 'पहिली मंगळागौर', १९४२. छोटी भूमिका, आणि दादा चांदेकरांच्या चालीवर 'नटली चैत्राची नवलाई' हे गाणे. ज्या सिनेमाचे गाणे वडिलांना नको होते, त्यांच्या पाठोपाठ त्याच सिनेमात लेक गायली. पण याला मी बंडही म्हणणार नाही आणि विश्वासघातही. चूल पेटवायची होती.

तोंडाला रंग फासायचा, लोकांसमोर रडायचे, सांगितले की हसायचे, हे तिला पहिल्या दिवसापासून आवडले नाही. चेहरा कॅमेऱ्याला बरा दिसावा म्हणून तिच्या भुवया कोरल्या, कपाळावरचे केस कापले, आणि घरी येऊन ती रडली. हे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. रडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

पुढे विनायकरावांनी स्वतःची प्रफुल्ल पिक्चर्स काढली, कोल्हापूरला. थोरली आणि तिच्यामागून सारे घर तिकडे गेले. 'चिमुकला संसार', 'माझं बाळ', 'गजाभाऊ' ही तिथली कामे. 'माझं बाळ' मध्ये धाकटी भावंडेही पडद्यावर दिसली आणि दत्ता डावजेकरांच्या चालीवर आशाने पहिल्यांदा गायले. 'गजाभाऊ' हा मराठी चित्रपट, पण त्यात थोरलीने पहिले हिंदी गाणे गायले.

१९४५ साली कंपनी मुंबईला आली, कुटुंब नाना चौकात राहू लागले. त्याच वर्षी आलेल्या 'बडी माँ' मध्ये नूरजहाँ नायिका होत्या आणि थोरली व आशा लहान भूमिकांत. १९४६ च्या 'सुभद्रा' त वसंत देसाईंच्या संगीतात शांता आपट्यांबरोबर गाणे मिळाले. म्हणजे चार वर्षांत सात-आठ चित्रपट, भूमिका सगळ्या दुय्यम, नाव जेमतेम ओळखीचे. एखाद्या हिशेबनीसाने १९४६ साली हे खाते तपासले असते तर 'बरी चाललेली दुय्यम नटी, गाऊही शकते' एवढाच शेरा मारला असता.

मुंबईत आल्यावर एक गोष्ट झाली जी खात्यात कुठेच दिसत नाही. तिने भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे त्यांची रीतसर शिष्या झाली.

निर्णयाची पहिली जागा: तालीम

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा निर्णय, आणि याच्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. वडिलांच्या मृत्यूनंतर पहिल्याच दिवसांत काम धरणे हा खरे तर निर्णय नव्हताच, तिथे दुसरी वाट नव्हती. पण १९४५ साली होती. पगार चालू होता, काम अभिनयाचे होते, आणि अभिनयाला रागदारी लागत नाही. दिवसभर स्टुडिओत राबणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीने वेळ काढून उस्तादांपुढे पलटे घोटत बसावे, यातून तेव्हा पैसा सुटत नव्हता. उलट वेळ जात होता.

तरी ते केले. घराण्याची पुण्याई म्हणतात तिचा या मुलीला खरा उपयोग झाला असेल तर तो इथे. आडनावामुळे काम मिळाले असे म्हणावे तर भूमिका छोट्याच मिळाल्या. पण गाणे ही रोज मेहनत करून राखायची गोष्ट आहे, पोट कशावरही भरत असले तरी, हे तिला घरातूनच मिळाले होते. नावापेक्षा ही सवय मोठी.

विनायकरावांचेही यात श्रेय आहे. कंपनीच्या नोकराने दुसरीकडे वेळ घालवू नये म्हणणारे मालक तेव्हाही होते आणि आजही आहेत.

निर्णयाची दुसरी जागा: ऑगस्ट १९४७

१९ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला चार दिवस झाले होते. मास्टर विनायक गेले.

थोरलीपुढे पुन्हा तोच प्रसंग. पाच वर्षांपूर्वी वडील गेले, आता ज्यांनी छत्र धरले ते गेले. सगळा भार एकाच माणसाच्या सद्भावावर टाकलेला असला की काय होते ते घराने दुसऱ्यांदा पाहिले. लेखी करार, मुदत, नुकसानभरपाई या गोष्टींना त्या नात्यात जागाच नव्हती. विनायकराव भले होते म्हणून पाच वर्षे निभावले, एवढेच.

इथे जरा थांबतो, कारण या प्रकरणाला जोडून दुसरे एक प्रकरण आहे आणि ते फारसे कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. विनायकरावांची मुलगी नंदा त्या वेळी आठ वर्षांची होती. त्यांचा 'मंदिर' हा चित्रपट अर्धवट राहिला होता, तो पुढे दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ साली आला. त्यात बेबी नंदा पहिल्यांदा पडद्यावर दिसली. थोरलीही त्या चित्रपटात होती. पुढे घरासाठी ही मुलगीही कामाला लागली. ज्या घराने हात दिला त्या घरावर पाचच वर्षांत तीच वेळ आली, आणि उपायही तोच निघाला. म्हणजे धंद्यात नाव असलेले घर, कमावणारा एकच, तो अकाली जातो, मागे पुंजी नाही, आणि मग सर्वांत मोठे किंवा सर्वांत चुणचुणीत मूल कॅमेऱ्यासमोर. एका घरात घडले तर आपण नशीब म्हणतो. एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशा दोन मुली दिसल्या की धंद्याच्या घडणीकडेच बोट दाखवावे लागते.

थोरलीचे वय आता अठराच्या उंबरठ्यावर. पुन्हा एखाद्या कंपनीत दुय्यम नटी म्हणून पगार धरायचा, की अभिनय सोडून नुसते गायचे? आधार पहिल्या वाटेत होता. तिने दुसरी धरली. हा तिचा स्वतःचा असा पहिला निर्णय.

बाजारही फिरत होता. गाणारी नटी आणि गाणारा नट मागे पडून पडद्यावर एक आणि माइकपाशी दुसरे अशी पार्श्वगायनाची पद्धत पक्की होत होती. जानेवारी १९४७ मध्ये गायक-नट सैगल गेले. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. जागा रिकामी होती, पण ती आपल्यासाठी आहे हे कुणी तिला पत्र पाठवून कळवले नव्हते.

उलट कळले ते असे की आवाज फार पातळ आहे. संगीतकार गुलाम हैदर तिला घेऊन 'शहीद' चे निर्माते शशधर मुखर्जी यांच्याकडे गेले, आणि मुखर्जींनी नकार दिला. तेव्हाच्या कानाला भरदार, किंचित जड आवाजाची सवय होती, त्या मापाने त्यांचे म्हणणे चूक नव्हते. माइक सुधारले की बारीक आवाजाची प्रत्येक रेघ उमटते, हे कळायला आणखी वर्षभर जावे लागले. हैदरसाहेबांनी हट्टाने १९४८ च्या 'मजबूर' मध्ये तिला गायला लावले. त्याआधी 'आप की सेवा में' या हिंदी चित्रपटासाठी ती डावजेकरांकडे गायली होती. दिग्दर्शक कोण, तर तेच वसंत जोगळेकर, ज्यांच्या मराठी चित्रपटातून तिचे पहिले गाणे गळले होते.

वेगळे काय करता आले असते

इथे सोपी उत्तरे देण्याचा मोह होतो. शाळेत घालायला हवे होते, लहान मुलीला राबवायला नको होते, वगैरे. पण मग भावंडांनी खायचे काय, हे सांगणाऱ्याने सांगावे.

त्या वेळचा कायदा पाहिला तर १९३८ चा बालकांच्या नोकरीचा कायदा रेल्वे, बंदरे आणि विडी, गालिचे अशा काही कारखान्यांपुरता होता. चित्रपट त्यात नव्हताच. कॅलिफोर्नियात १९३९ मध्येच बालनटांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवायचा कायदा झाला होता, कारण जॅकी कूगन या प्रसिद्ध बालनटाची सारी कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली होती. आपल्याकडे हा प्रश्न आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हते, कारण आपल्याकडे मूल कमावते ते घरासाठी, आणि घर व मूल वेगळे धरायचे असते ही कल्पनाच परकी.

आज बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम आहेत. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही, ओळीने २७ दिवसांवर नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घ्यायचे नाही, शाळा बुडवायची नाही.

हे नियम थोरलीला लावून पाहिले तर एक गंमत दिसते. कायद्याने बालक म्हणजे चौदाच्या आतले. ती सप्टेंबर १९४३ मध्ये चौदाची झाली. म्हणजे वडील गेल्यापासून जेमतेम सतरा महिने हे संरक्षण मिळाले असते. कोल्हापूरचा बहुतेक काळ आणि मुंबईची सगळी वर्षे त्याच्या बाहेर. आणि 'मर्जीविरुद्ध नाही' या कलमाचे काय करायचे? तिला अभिनय आवडत नव्हता. पण विचारले असते तर ती हो म्हणाली असती. चार वर्षांचा भाऊ समोर असताना साडेबारा वर्षांची मुलगी 'माझी मर्जी नाही' म्हणत नाही.

तरी दोन गोष्टी तेव्हाही जमण्यासारख्या होत्या असे मला वाटते. एक, विनायकरावांशी दोन ओळींचा का होईना लेखी करार. स्नेह्याशी कागद कसा करायचा, हा आपला नेहमीचा संकोच. पण कागद स्नेह्याच्या मागे राहिलेल्यांसाठीही असतो, हे १९४७ साली दोन्ही घरांना कळले. दुसरी गोष्ट, काम गाण्याचे मागून घेणे. पार्श्वगायन तेव्हा नवे नव्हते, १९३५ पासून रुळत होते. नावडत्या अभिनयात पाच वर्षे गेली ती काही अंशी वाचली असती. अर्थात या दुसऱ्या मुद्द्यावर मी फार जोर देणार नाही. कॅमेऱ्यासमोर उभे राहून गाताना शब्दाला चेहरा कसा लागतो हे ती शिकली, आणि पुढे नायिकेच्या ओठांसाठी गाताना ते कामी आले, असा उलट युक्तिवादही करता येतो. तो खोडून काढता येत नाही.

गाण्याच्या मिळकतीत गाणाऱ्याचा वाटा किती, या प्रश्नावर पुढे साठच्या दशकात रॉयल्टीसाठी ती जोरदार भांडली, मोहम्मद रफींशी काही वर्षे एकत्र गाणेही थांबले. लोकांना तेव्हा तो हट्ट वाटला. मला त्यात पगारावर वाढलेली मुलगी दिसते, जिने आपल्या श्रमाचा हिशेब फार लवकर आणि फार उशिरा, दोन्ही वेळी पाहिला होता.

निष्पत्ती

१९४९ साली, विसाव्या वर्षी, 'महल' मधले खेमचंद प्रकाशांचे 'आएगा आनेवाला' आले. भावंडे तोवर पोटापाण्याच्या काळजीतून बाहेर पडू लागली होती, आणि घर तिच्या गळ्यावर उभे होते.

गाणे गाजले आणि रेडिओकडे विचारणा होऊ लागली की ही गाते कोण. कारण तबकडीवर तिचे नाव नव्हते. पद्धतच तशी होती, पडद्यावरच्या पात्राचे नाव छापायचे. बाजारात गेलेल्या त्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते, कामिनी.